लॅपटॉप संगणक : दोष व घरगुती निदान

पडदा, कीबोर्ड, प्रोसेसर, स्मृती आणि बॅटरी ही सर्व अंगे एकाच मिटता येणाऱ्या पेटीत बसविलेल्या व मांडीवर ठेवून वापरता येण्याजोग्या संगणकास लॅपटॉप म्हणतात. असा संगणक बंद पडणे, मंदावणे किंवा अनियमितपणे चालणे यांमागील कारण विशेष उपकरणांवाचून घरीच शोधून काढण्याच्या पद्धतशीर क्रियेस घरगुती दोषनिदान म्हणता येईल. निदान आणि दुरुस्ती या भिन्न क्रिया आहेत. पुष्कळशा दोषांचे निदान घरी होऊ शकते. दुरुस्ती मात्र त्यांपैकी थोड्याच दोषांची घरी करणे इष्ट असते. कोठे थांबावे हे कळणे हा निदानाचाच भाग होय.

लॅपटॉपच्या किंमतीहून त्यात साठविलेले काम बहुधा अधिक मोलाचे असते : विद्यार्थ्याचा प्रबंध, लहान व्यावसायिकाचे हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे. यंत्र पुन्हा विकत घेता येते, ही माहिती घेता येत नाही. कोविड–१९ च्या साथीत २०२०–२१ मध्ये शाळा दूरस्थ पद्धतीने चालू लागल्या, तेव्हा अनेक घरांत एकुलता एक लॅपटॉप हाच मुलांचा वर्ग झाला. त्याच काळात, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी, मुंबई व परिसरातील वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी जुन्या बॅटरीत किती शक्ती उरली आहे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

रचना व दोषांचे मूळ : १९८१ मध्ये बाजारात आलेला ऑस्बर्न–१ हा सुवाह्य संगणक सु. ११ किग्रॅ. वजनाचा होता व त्यात बॅटरी नव्हती. शिंपल्याप्रमाणे मिटणारी पेटी १९८२ मध्ये ग्रिड कंपास या संगणकात प्रथम ठळकपणे वापरात आली. तिचा अभिकल्प बिल मॉग्रिज यांनी केला होता. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे हीच बॅटरी लॅपटॉपमध्ये सार्वत्रिक झाली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पेटी जसजशी पातळ होत गेली, तसतशी आतील मोकळी जागा कमी झाली. साधारण लॅपटॉपचा प्रोसेसर कामाच्या भरात १५ ते ४५ वॉट शक्ती घेतो आणि ती जवळजवळ सर्व उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांच्या जुडीकडे नेली जाते व एक लहान पंखा त्या पत्र्यांमधून हवा फुंकून ती बाहेर टाकतो. म्हणजे लॅपटॉप हा बंद डबा नसून सतत श्वास घेणारे यंत्र आहे आणि भोवतालची हवा जशी असेल तशीच ती त्याच्या पोटात जाते. घरगुती दोषांचा विचार हवेपासून सुरू करावा लागतो तो यामुळेच.

किनाऱ्यावरील हवा, माहीमचे उदाहरण : मुंबई बेटाच्या वायव्य टोकाशी असलेल्या माहीमच्या पश्चिमेस माहीमचा उपसागर असून उत्तरेस मिठी नदी ज्या खाडीतून समुद्रास मिळते ती माहीमची खाडी आहे. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर वस्तीत येतात. त्यांतील पाणी उडून गेले की, क्षारांचे कण उरतात व धुळीत मिसळून पंख्यावाटे यंत्रात शिरतात. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. समुद्री क्षारांत असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर सु. ३३ टक्क्यांपासूनच विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठास पाणी सुटते ती हीच क्रिया होय. परिणामी, कोरड्या प्रदेशात जी धूळ केवळ हवेला अडथळा करते, ती येथे विद्युत् प्रवाह वाहून नेणारा ओलसर थर बनते. हा थर तांब्याच्या जोडांवर हिरवट संक्षारण उत्पन्न करतो आणि शेजारच्या दोन तारांमध्ये नको तेथे वाट निर्माण करतो.

खाडीचा गाळ व सांडपाणी यांत ऑक्सिजनाच्या अभावी हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. चांदीची भांडी ज्यामुळे काळी पडतात त्या गंधकयुक्त संयुगांपैकी हे एक आहे. चांदी व तांबे या दोन्हींवर त्याची विक्रिया होत असल्याने उघड्या संपर्कस्थानांस तो अपायकारक ठरतो.

तिसरा धोका दवाचा आहे. बहुतेक लॅपटॉपांच्या तपशीलपत्रकात आर्द्रतेची मर्यादा देताना ‘बाष्प साकळू न देता’ अशी अट असते. हवा ३०° से. तापमानाची व ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू सु. २६° से. असतो. वातानुकूलित कचेरीत २२° किंवा २४° से. पर्यंत थंड झालेला लॅपटॉप अशा हवेत उघडला, तर त्याच्या आतबाहेर दव जमू शकते. चष्म्याच्या काचा धुरकट होतात ती हीच क्रिया. यास्तव पावसाळ्यात घरी आल्यावर लॅपटॉप पिशवीतच ठेवून तो खोलीच्या तापमानास येऊ द्यावा आणि अर्ध्या-एक तासानंतरच सुरू करावा.

निदानाची तत्त्वे : कोणत्याही दोषाचा शोध घेताना चार नियम पाळावेत. (१) यंत्र चालत असेल तर प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे करावी. इतर सर्व प्रयोग त्यानंतर. (२) शोध बाहेरून आत न्यावा : भिंतीवरील सॉकेट, चार्जर, बॅटरी, पेटी, प्रणाली, मदरबोर्ड. (३) एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम टिपून ठेवावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही. (४) शक्य तेथे एकाच चाचणीने अर्धी शक्यता बाद करावी. उदा., पडदा काळा राहत असल्यास लॅपटॉप दूरचित्रवाणी संचाला केबलने जोडून पाहावा. तेथे चित्र उमटले तर प्रोसेसर, स्मृती व साठवण ही सर्व एकदम निर्दोष ठरतात आणि शोध केवळ पडदा व त्याची केबल यांपुरता उरतो.

विद्युत् पुरवठा : यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंतच्या मुंबई बेटावर बेस्ट उपक्रम वीज पुरवितो. घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असा प्रत्यावर्ती असतो. चार्जर त्याचे रूपांतर बहुधा १९ किंवा २० व्होल्टच्या एकदिश प्रवाहात करतो. चार्जरवरील दिवा सॉकेटमध्ये लावताच पेटतो, परंतु लॅपटॉपला जोडताच विझत असेल, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या आत, प्रवाह जेथे लघुमंडलित होतो तेथे असतो. दिवा मुळीच पेटत नसेल, तर चार्जर किंवा त्याची दोरी संशयित ठरते. दोरी एका विशिष्ट कोनात धरल्यावरच प्रवाह मिळत असेल, तर आतील तार तुटलेली किंवा लॅपटॉपमधील जोडखाच सैल झालेली असते.

सर्व चार्जर सारखे नसतात. चार्जरवर छापलेली शक्ती ४५, ६५ किंवा ९० वॉट अशी असते. ६५ वॉटच्या यंत्रास ४५ वॉटचा चार्जर लावल्यास ते चालते. परंतु पुष्कळ यंत्रे अशा वेळी प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. ‘नवा चार्जर घेतल्यापासून लॅपटॉप मंद झाला’ ही तक्रार त्यामुळे अनेकदा खरी असते. यूएसबी टाइप-सी पद्धतीत चार्जर व यंत्र आपसांत संकेतांनी दाब ठरवून घेतात. तेथे कमी प्रतीची केबलही हाच परिणाम घडविते.

चार्जर ठीक असूनही यंत्र निर्जीव वाटत असेल, तर चार्जर काढून टाकावा, बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढावी आणि सुरू करण्याचे बटन सु. ३० सेकंद दाबून धरावे. मंडलातील धारित्रांत उरलेला विद्युत् भार त्यामुळे निघून जातो व अडकून पडलेले नियंत्रक मंडल नव्याने सुरू होते. वीज अनेकदा येत-जात राहिल्यानंतर बंद पडलेली यंत्रे या उपायाने सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

धातूच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर चार्जरमधील गाळणी-धारित्रांतून येणारा अल्प प्रवाह पेटीवर उतरत असतो. भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, नसल्यास तो माणसाच्या शरीरावाटे जमिनीत जातो. दोनच छिद्रे असलेले जुने सॉकेट किंवा तिसरी पिन निकामी करणारे जोडसाधन यांमुळे ही स्थिती उद्‌भवते. हा लॅपटॉपचा दोष नसून घराच्या तारांचा आहे आणि त्याची दुरुस्ती परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

बॅटरी : लिथियम-आयन घटाचा दाब पूर्ण भारित अवस्थेत सामान्यतः ४·२ व्होल्ट असतो व असे तीन-चार घट जोडून लॅपटॉपची बॅटरी बनते. घट वापरामुळे तसेच केवळ काळामुळेही जीर्ण होतो. उष्णता आणि सतत पूर्ण भारित अवस्था या दोन गोष्टी ही जीर्णता वाढवितात. म्हणून दिवसभर चार्जरला जोडलेल्या यंत्रात भारमर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी. प्रचलित प्रणालींत बॅटरीची मूळ क्षमता व आजची पूर्णभार क्षमता दर्शविणारी माहिती मिळते. मूळ क्षमता ५० वॉट-तास व आजची ३० वॉट-तास असेल, तर बॅटरी ६० टक्के उरली आहे. पूर्वी पाच तास चालणारे यंत्र आता तीन तास चालेल. हा दोष नसून वय आहे. मात्र दर्शक ४० टक्के दाखवीत असताना यंत्र एकाएकी बंद पडत असेल, तर एखादा घट निकामी झालेला असतो व बॅटरी बदलणे हाच उपाय उरतो.

बॅटरी फुगणे हे घरगुती दोषांतील सर्वांत गंभीर लक्षण होय. घटात वायू तयार होऊन त्याचे पाकीट फुगते. त्यामुळे बोटांनी चालविण्याचा स्पर्शफलक वर उचलला जातो, झाकण नीट बसत नाही किंवा पेटी टेबलावर डुगडुगते. असे दिसताच यंत्र बंद करून चार्जर काढावा, ते कागद, कपडे व गादी यांपासून दूर कठीण पृष्ठावर ठेवावे आणि पुन्हा भारित करू नये. फुगवटा दाबून बसविण्याचा किंवा टोचून वायू काढण्याचा प्रयत्न प्राणघातक ठरू शकतो. कारण आतील पापुद्रा फाटल्यास घट लघुमंडलित होऊन पेट घेतो. धूर निघू लागल्यास सर्वांनी दूर जाऊन १०१ या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे.

उष्णता व धूळ : सुरू केल्यावर यंत्र काही वेळ नीट चालते, मग पंखा मोठ्याने वाजू लागतो, काम संथ होते आणि अखेरीस यंत्र आपोआप बंद पडते, हा क्रम उष्णतेचा निदर्शक आहे. आतील तापमान सु. १००° से. च्या जवळ पोहोचले म्हणजे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद होते. ही संरक्षक योजना आहे, बिघाड नव्हे. परीक्षा सोपी असते : यंत्र गादीवरून उचलून कठीण टेबलावर ठेवावे, मागील कड दोन-तीन सेंमी. उंच करावी व खोलीतील पंखा त्यावर सोडावा. वेग पूर्ववत झाल्यास निदान सिद्ध झाले. लहान घरांत लॅपटॉप पलंगावर वापरण्याची सवय सर्रास असते. गादी व चादर तळाच्या झरोक्यांवर बसून हवा कोंडतात, हेच पुष्कळदा एकमेव कारण असते.

झरोके मोकळे असूनही उष्णता कमी होत नसेल, तर पंखा व पत्र्यांची जुडी यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर साचलेला असतो. यंत्र बंद करून, पंख्याचे पाते स्थिर धरून, थोड्या थोड्या वेळाने हवेचा झोत सोडल्यास कोरडी धूळ निघते. पाते मोकळे ठेवल्यास ते झोताने अतिवेगाने फिरून धारवा खराब होतो. किनाऱ्यावरील ओलसर, क्षारयुक्त धूळ मात्र झोताने निघत नाही. तिच्यासाठी तळ उघडून मऊ कुंचला वापरावा लागतो. हे काम पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, करून घेणे श्रेयस्कर. कारण जूनमध्ये तीच धूळ पाणी धरू लागते. प्रोसेसर व तांब्याची नळी यांमधील उष्णतावाहक लेपही काही वर्षांनी सुकतो. तो बदलण्याचे काम जाणकाराकडे सोपवावे.

संथपणा : यंत्र सदैव संथ असते की काही वेळाने होते, हे प्रथम ठरवावे. काही वेळाने होणारा संथपणा बहुधा उष्णतेमुळे असतो. सदैव असणाऱ्या संथपणासाठी प्रणालीतील कार्यदर्शक पटल उघडून प्रोसेसर, रॅम आणि साठवण या तिघांपैकी कोणाचा वापर १०० टक्क्यांच्या आसपास आहे ते पाहावे. प्रोसेसर व्यग्र असल्यास कोणता कार्यक्रम त्यास कामाला लावत आहे हे तेथेच दिसते. तो अनोळखी असल्यास विषाणूची शंका घ्यावी. रॅम भरलेली असेल, तर यंत्र तिच्यातील मजकूर साठवणीत ठेवू-काढू लागते व सर्वच कामे रेंगाळतात. उघडी ठेवलेली पृष्ठे व सुरू होतानाच चालू होणारे कार्यक्रम कमी करणे हा विनाखर्च उपाय प्रथम करावा. ८ गीगाबाइटपेक्षा कमी रॅम असल्यास आणि यंत्रात सोय असल्यास ती वाढवावी.

साठवण १०० टक्के व्यग्र दिसत असेल व यंत्रात जुनी हार्ड डिस्क असेल, तर कारण यांत्रिक असते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सु. ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचकाग्राखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो व वाचकाग्र सरकण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेली लहान वाचने ती सेकंदास शंभराच्या आसपासच करू शकते. अर्धसंवाहकांची बनलेली एसएसडी हेच काम सेकंदास हजारो वेळा करते, कारण तीत फिरणारा भाग नसतो. म्हणूनच जुन्या यंत्रात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास जो फरक पडतो, तो इतर कोणत्याही एका बदलाने पडत नाही. साठवण काठोकाठ भरलेली असल्यास एसएसडीही मंदावते, सु. १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी.

प्रणालीचे वयही विचारात घ्यावे लागते. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या यंत्रांवर पुढील आवृत्ती चालत नाही, ती निरुपयोगी झाली असे नव्हे. लिनक्स गटातील हलकी प्रणाली घालून लेखन, वाचन व अभ्यास यांसाठी ती वापरता येतात.

माहितीची साठवण : हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येऊ लागणे, फाइली उघडण्यास अकारण विलंब लागणे, फाइली एकाएकी नाहीशा होणे ही तबकडी निकामी होण्याची पूर्वचिन्हे आहेत. अशा वेळी दुरुस्तीचे कार्यक्रम चालविण्याऐवजी उरलेल्या वेळात माहितीची प्रत काढावी. आवाज मोठा असल्यास यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावे. एसएसडी बहुधा कोणतीही पूर्वसूचना न देता निकामी होते, यास्तव तिच्याबाबत प्रत आधीच असणे अधिक आवश्यक. सर्वमान्य रीत अशी : एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला व मिठी नदीच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी त्याच कपाटातील दुसरी प्रत मूळ प्रतीबरोबरच बुडते.

स्मृती व संपर्कस्थाने : दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो किंवा ठराविक अंतराने शिट्ट्या वाजतात, तेव्हा रॅमच्या पट्टीचा संपर्क तुटलेला असण्याचा संभव मोठा असतो. शिट्ट्यांची संख्या किंवा दिव्याचे लुकलुकणे हा उत्पादकाने ठरविलेला संकेत असतो. तो लिहून घ्यावा. पट्टी काढून पुन्हा नीट बसविल्यास दोष अनेकदा जातो. दुकानांत ती खोडरबराने घासण्याची रीत आढळते. त्यामुळे संपर्कस्थानांवरील मळ निघतो हे खरे. परंतु त्यांवरील सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो व पुढे संक्षारण वाढते. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणे अधिक सुरक्षित.

पडदा काळा असताना त्यावर तिरकस टॉर्च धरून पाहावी. अंधूक चित्र दिसल्यास पडदा शाबूत असून त्यामागील प्रकाशयोजना बंद पडलेली असते. झाकण हलविल्यावर चित्र लुकलुकत असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल झिजलेली असते. घड्याळ दरवेळी जुनी तारीख दाखवीत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा घट संपलेला असू शकतो. तारीख चुकल्यामुळे संकेतस्थळेही सुरक्षिततेच्या कारणास्तव उघडत नाहीत आणि दोष महाजालाचा असल्याचा भास होतो.

द्रव सांडणे : कीबोर्डवर चहा किंवा पाणी सांडल्यास क्षणाचाही विलंब न लावता चार्जर काढून बटन दाबून यंत्र बंद करावे व तंबूप्रमाणे उलटे उभे करून पाणी निथळू द्यावे. यंत्राची हानी केवळ पाण्याने होत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार आणि त्यांतून वाहणारा प्रवाह यांमुळे संक्षारण काही तासांतच सुरू होते. म्हणून चालते की नाही हे पाहण्यासाठी यंत्र सुरू करणे हीच सर्वांत महाग चूक ठरते. तांदळात पुरून ठेवल्याने आतील क्षार निघत नाहीत. उलट, पिष्टाची धूळ आत जाते. केस वाळविण्याच्या यंत्राची उष्ण हवा पाणी आणखी आत ढकलते व प्लॅस्टिक वाकविते. साखरेचा चहा, समुद्राचे किंवा पुराचे पाणी गेले असल्यास यंत्र वरून कोरडे दिसले तरी उघडून स्वच्छ करून घेणे अनिवार्य असते.

घरगुती दुरुस्तीच्या मर्यादा : रॅम, एसएसडी व सहज निघणारी बॅटरी बदलणे ही कामे योग्य पेचकस असल्यास घरी होऊ शकतात. पेटी उघडण्यापूर्वी चार्जर काढावा व आतील बॅटरीची जोडणी प्रथम सोडवावी. शरीरावरील स्थिर विद्युत् भार माणसास सु. ३,००० व्होल्टच्या खाली सहसा जाणवतही नाही. परंतु त्याहून पुष्कळ कमी दाबानेही सूक्ष्म मंडले निकामी होतात. कोरड्या, वातानुकूलित खोलीत हा धोका अधिक असतो. यास्तव काम करताना भूसंपर्कित धातूस मधूनमधून स्पर्श करावा. फुगलेली बॅटरी, चार्जरचे अंतरंग, मदरबोर्डवरील झाळकाम व माहिती असलेली निकामी तबकडी या चार गोष्टींस घरी हात लावू नये.

मुंबईत सुट्या भागांची व दुरुस्तीची मोठी बाजारपेठ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आहे. माहीमहून चर्चगेटकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने तेथे जाण्यासाठी ग्रँट रोड या सातव्या स्थानकावर उतरावे लागते. दुकानात जाताना लक्षणे, ती प्रथम केव्हा दिसली, घरी केलेल्या चाचण्या व त्यांचे परिणाम यांचे टिपण बरोबर असावे. ‘लॅपटॉप चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्यास मदरबोर्डची किंमत मोजावी लागण्याचा संभव असतो. ‘दुसऱ्या पडद्यावर चित्र येते, झाकण हलविल्यास लुकलुकते’ असे सांगणाऱ्याचे काम केबलवर भागते. बदललेला जुना भाग परत मागावा आणि यंत्र ताब्यात देण्यापूर्वी खासगी माहिती काढून घ्यावी.

विल्हेवाट : दुरुस्तीचा खर्च तशाच जुन्या यंत्राच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवे यंत्र घेणे बहुधा योग्य ठरते, परंतु निकामी यंत्रातील चांगली रॅम, एसएसडी व चार्जर अन्यत्र उपयोगी पडतात. भारतात विद्युत् व इलेक्ट्रॉनीय कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून बॅटरीच्या कचऱ्यासाठीही २०२२ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. लिथियमची बॅटरी घरातील ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत चिरडली जाऊन आग लागू शकते. म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावून ती अधिकृत संकलन केंद्राकडेच सुपूर्द करावी.